ट्रेकचा अनुभव शून्य आणि ग्रुपने ठरवलंय राजगड-तोरणा-रायगड

पत्र (थोडं छोटं केलंय):

"ताई, माझं वय ३८, चिंचवडला राहते, अकाउंट्सचं काम, दिवसभर खुर्चीत. ऑफिसमधल्या सहा जणांनी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राजगड-तोरणा-रायगड करायचं ठरवलंय, तीन दिवस, सॅक पाठीवर घेऊन. मी उत्साहात हो म्हणून बसले. अनुभव म्हणाल तर सिंहगडावर गाडीने जाऊन पिठलं-भाकरी खाल्लीय, तेवढाच. व्यायाम नाही. मागच्या चेकअपला हिमोग्लोबिन साडेनऊ आलं होतं. नवरा म्हणतो तुला जमणार नाही. सासूबाई वारी चाललेल्या आहेत, त्या म्हणतात साठीच्या बायका आळंदीहून पंढरपूरला चालत जातात, तुला काय धाड भरलीये. ग्रुपमधला एकजण म्हणतो प्रॅक्टिस वगैरे काही लागत नाही, सगळं मनावर असतं. हातात दहा आठवडे आहेत. जमेल का? आणि माझ्यामुळे बाकीच्यांचा ट्रेक बिघडला तर?"

अगं, उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. राजगड ते तोरणा तुला जमेल, दहा आठवडे नीट वापरलेस तर छान जमेल. तोरण्याच्या पुढचं, म्हणजे भट्टी गावाकडे उतरून मोहरी गावापर्यंतची ती न संपणारी चाल आणि मग नाळेतून, म्हणजे कड्यातल्या उभ्या घळीतून, कोकणात उतरून रायगड, हे या डिसेंबरला करू नकोस. पुढच्या वर्षी कर, तेव्हा मीच मागे लागेन. आणि मी नवऱ्याच्या बाजूने बोलतेय असं अजिबात समजू नकोस, तो म्हणतोय जमणार नाही, मी म्हणतेय निम्मं आत्ता जमेल आणि उरलेलं वर्षभराने.

आता का ते सांगते. हा अख्खा रूट साधारण पंचावन्न-साठ किलोमीटरचा धरतात. आकडा ऐकला की माणूस भागाकार करतो, तीन दिवस म्हणजे रोजचे वीस, त्यात काय एवढं. पण आपल्या डोंगरात नुसते किलोमीटर मोजून काहीच कळत नाही, चढ-उतार मोजावे लागतात. पायथ्याच्या गुंजवणे गावातून राजगडावर जायचं म्हणजे सहाशे मीटरच्या आसपास उंची चढायची, त्यात चोर दरवाज्याच्या अलीकडचा टप्पा खडकातला, रेलिंग धरून जायचा. वर गेलीस की पद्मावती माची, तिथून संजीवनी माची, अळू दरवाज्यातून बाहेर, मग उतार, मग धारेवरून कितीतरी वेळ वर-खाली वर-खाली, मधे डांबरी रस्ता आडवा जातो तो ओलांडून परत चढ, आणि शेवटी तोरण्याच्या बुधला माचीला शिडी. राजगडाचा बालेकिल्ला १३७६ मीटर आणि तोरणा १४०३ मीटर, पण मधे जे खाली उतरावं लागतं ते या दोन आकड्यांत कुठेच दिसत नाही ना, आणि दमवतं नेमकं तेच.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशोब मांडला होता, तो आजही जगभर वापरतात. ताशी पाच किलोमीटर धरायचे आणि दर सहाशे मीटर चढाला वरून एक तास वाढवायचा. त्या हिशोबाने राजगड-तोरणा चार-पाच तासांत व्हायला हवं. पण तो हिशोब तयारीच्या माणसाचा आणि बऱ्या वाटेचा आहे, आपल्याकडे सुकलेलं गवत, घसारा म्हणजे पायाखाली निसटणारी सुटी माती-खडी, पाठीवर सॅक, पाणी पिणं, दम खाणं सगळं धरलं की नवख्या माणसाला आठ तास सहज लागतात, कधी नऊ. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे सकाळी उशिरा निघालीस तर बुधल्याची शिडी अंधारात, आणि तीच तुझ्या आयुष्यातली पहिली शिडी. म्हणून उजाडता उजाडता चालायला लागायचं, हे ग्रुपला आत्ताच सांग.

आता तो मनावर असतं म्हणणारा. चढताना त्याचं बरंचसं खरं आहे. चढावर दम लागतो, थांबलं की दोन मिनिटांत उतरतो, परत चालता येतं, तिथे हिंमत कामाला येते. घोळ होतो उतारावर. उतरताना मांडीच्या पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी ब्रेकही लावत असतो, प्रत्येक पावलाला. त्याची सवय नसली तर स्नायूत बारीक इजा होतात, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी विशेष काही कळत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि दोन-तीन दिवस चढत जातं, आणि नुसतं दुखत नाही तर पायातली ताकदही तेवढ्या दिवसांपुरती खरंच कमी होते. म्हणजे बघ, पहिल्या दिवशी राजगड मस्त होणार, संध्याकाळी सगळ्यांना वाटणार अरे हिला तर काहीच झालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॉयलेटला बसता येत नाही अशी अवस्था. तिसऱ्या दिवशी तेच पाय घेऊन नाळ उतरायची. तिथे मन घट्ट करून काय होणार, गुडघा वळायला तयार नसतो.

नाळ काय असते तेही डोळ्यांसमोर आण. मोहरी-सिंगापूरहून कोकणात उतरायला सिंगापूरची नाळ आहे, दुसरी लिंगाणा सुळक्याच्या बाजूची बोराट्याची नाळ. घाटाच्या कड्याला पडलेली उभी चीर, पावसाळ्यात त्यातून पाणी कोसळतं आणि बाकीच्या महिन्यांत त्यात मोठमोठे धोंडे आणि त्यांच्यामध्ये सुटे गोटे. पाय ठेवला की गोटा किंचित सरकतो, तू दुसरा पाय पटकन टाकतेस, तोही सरकतो, हात टेकायला जातेस तर हाताखालचा दगडही हलतो. वरच्या माणसाच्या पायाखालून निसटलेला दगड टप्पे घेत खालच्याकडे येतो म्हणून एकमेकांच्या डोक्यावर राहायचं नाही, अंतर ठेवायचं आणि दगड सुटला की ओरडायचं. हे पाच-सहाशे मीटर उतरायचं, तासन् तास. आणि मुख्य म्हणजे मधे कुठे बाहेर पडायला वाट नाही. पाय मुरगळला तर एक तर वर किंवा खाली, रस्ता दोन्हीकडून लांब, मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. नाळ उतरून दापोलीत आलीस (हे महाड तालुक्यातलं दापोली, रत्नागिरीचं नव्हे) तरी संपलं का, तर नाही, काळ नदीच्या खोऱ्यातून कोकणातल्या उन्हात रायगडवाडीपर्यंत चाल आणि वर रायगडाच्या चौदाशेच्या वर पायऱ्या.

राजगड-तोरण्याचं तसं नाही. राजगडावर बरं वाटलं नाही तर गुंजवण्यात उतर. धारेवर मधला डांबरी रस्ता आहे, तिथे गाडी बोलावता येते. तोरण्यावरून बिनी दरवाज्याने पायथ्याच्या वेल्ह्याला उतरता येतं, तिथून पुण्याला एसटी. पहिल्या मोठ्या ट्रेकला अशा सुटायच्या वाटा असलेला रूट निवडावा, हे माझं ठाम मत आहे, आणि त्यात कमीपणा बिलकुल नाही.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. वारी काही सोपी नाही, जवळपास अडीचशे किलोमीटर, पुणे ते सासवडची चाल तर सगळ्यात मोठी आणि वर दिवेघाट, ऊन-पाऊस डोक्यावर. पण त्यांना विचार, सामान कुठे होतं? दिंडीच्या ट्रकमध्ये. वाट कशी होती? डांबरी. मधे विसावे किती, दुपारचं जेवण कोणी वाढलं, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून पाय कसे सरावले तेही विचार. वारीत शरीराला रोज थोडं थोडं तयार व्हायला वेळ मिळतो, तुझ्याकडे तीनच दिवस आहेत आणि त्यातला अवघड भाग शेवटी. तरी एक गोष्ट त्यांच्याकडून नक्की शिक. वारकरी बायका पायाची काळजी घेतात तशी ट्रेकर पोरं घेत नाहीत. मुक्कामाला पोचलं की पाय धुणं, पुसून कोरडे करणं, बोटांच्या बेचक्या बघणं, तेल लावणं. त्यांना बसवून हे सगळं नीट विचारून घे, त्यांनाही बरं वाटेल.

आता सगळ्यात आधी करायचं काम, आणि हे बूट घ्यायच्याही आधी. साडेनऊ हिमोग्लोबिन. बायकांमध्ये बाराच्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, आणि तू ते वाक्यात सहज सांगून पुढे गेलीस, कारण आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांचं कमीच असतं त्यामुळे ते आपल्याला आजार वाटतच नाही. जिना चढताना धाप लागते ती मला स्टॅमिना नाही म्हणून असं तू धरून चालली असशील, पण रक्तच ऑक्सिजन कमी वाहून नेत असेल तर तू कितीही टेकड्या चढ, फरक कमीच पडणार. या आठवड्यात परत तपासून घे, डॉक्टरांना डोंगर चढायचाय हे स्पष्ट सांग, पाळीत जास्त जात असेल तर तेही सांग, बीपी-शुगर बघून घे. गोळ्या दिल्या तर परिणाम दिसायला काही आठवडे जातात म्हणून घाई म्हणतेय. गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्याबरोबर घे. डॉक्टर म्हणाले आत्ता नको, तर नको. ट्रेक पुढच्या डिसेंबरला.

डॉक्टर हो म्हणाले की मग चालणं. जिम लावायची गरज नाही. तू चिंचवडला राहतेस म्हणजे निगडीची दुर्गा टेकडी जवळ, घोरावडेश्वर जवळ, आणि बिल्डिंगचा जिना तर घरातच. पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस पाऊण-एक तास झपझप चालणं आणि दोन दिवस जिना, पण लिफ्टने वर जाऊन जिन्याने खाली, असं. हो, उलटंच सांगतेय, कारण तुला उतार शिकायचाय. सावकाश, पाय न आपटता, गुडघा थोडा वाकवून. आणि एक व्यायाम घरात कर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहायचं, एका पायावर भार देऊन दुसरी टाच हळूहळू जमिनीला लावायची आणि परत वर घ्यायची, दहा-दहा वेळा दोन्ही पायांनी. पहिल्या आठवड्यात पाय लटलटतील. गुडघ्यात आतून टोचल्यासारखं दुखलं तर थांब आणि फिजिओला दाखव, मांडी भरून आली तर काळजी नको.

स्नायूंचं एक चांगलं असतं, एकदा उतारामुळे दुखून बरे झाले की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला खूपच कमी दुखतात, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून चौथ्या आठवड्यापासून दर रविवारी डोंगर. सिंहगड आतकरवाडीतून पायी चढ, पिठलं-भाकरी खा आणि जीपने खाली येऊ नकोस, पायीच उतर. पुण्यातले कितीतरी लोक वर्षानुवर्षं सिंहगड चढतात आणि खाली गाडीने येतात, मग राजगडाला गेले की विचारतात आमचे पाय का धरले. पहिल्यांदा वर जायला दोन तास लागले तरी लागू देत, कोण किती मिनिटांत चढतं त्याच्याकडे बघूच नकोस. मग एखाद्या रविवारी लोकलने मळवलीला उतरून लोहगड आणि विसापूर एकाच दिवसात. सॅक पहिल्यांदा रिकामी, नंतर पाण्याच्या बाटल्या भरून वजन वाढवत सात किलोपर्यंत ने, वर पोचल्यावर पाणी ओतून टाकू नकोस, भार खाली आणायचाच आहे.

आणि सातव्या आठवड्यात खरी परीक्षा. शनिवारी लोहगड-विसापूर, लगेच रविवारी सकाळी सिंहगड. मधे विश्रांती नाही. या रविवारच्या सकाळी तुला जे वाटेल ना त्यावरून तुला तुझं उत्तर मिळेल, माझ्या पत्राची गरज उरणार नाही. पाय दुखतायत पण पहिल्या अर्ध्या तासात मोकळे झाले आणि उतरताना पाय नीट टाकता येतायत, तर राजगड-तोरणा पक्कं. कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागली तर या वेळी फक्त राजगड कर, एक मुक्काम कर, मजा कर. आठव्या आठवड्यात जमलं तर कात्रज ते सिंहगड, ज्याला सगळे के टू एस म्हणतात, एका मागून एक टेकड्या. लोक तो पौर्णिमेच्या रात्री करतात, तू दिवसा कर, माहितीच्या माणसाबरोबर. शेवटच्या आठ-दहा दिवसांत काहीही जास्तीचं करायचं नाही. तोवर जे झालं ते झालं, आदल्या रविवारी सिंहगड दोनदा चढून काही वाढत नाही, पाय थकलेले घेऊन जाशील फक्त.

बुटांबद्दल थोडक्यात. नवे बूट ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, आजच घे आणि सगळी प्रॅक्टिस त्याच बुटांत कर. फार महाग घ्यायची गरज नाही, ॲक्शनचे साधे ट्रेकिंग शूज घालून आपल्याकडच्या कित्येक पिढ्या हिंडल्यात, सोलला खाचा खोल हव्यात आणि घसाऱ्यावर पकड हवी. संध्याकाळी खरेदीला जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो, आणि पुढे बोटाला अंगठ्याएवढी जागा सोड, नाहीतर उतरताना नखं बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात. नखं दोन दिवस आधी काप. आणि टाचेवर कुठे चटका बसल्यासारखं गरम वाटलं तर त्याच मिनिटाला थांब, सगळे पुढे गेले तरी चालतील. बूट काढ, मोजा काढ, पाय कोरडा कर, त्या जागेवर चिकटपट्टी लाव, मोज्याला सुरकुती असेल तर सरळ कर. पाच मिनिटांचं काम आहे. लाजेपायी तसंच रेटलं तर तासाभरात फोड येतो आणि मग उरलेला दिवस वाकडी चालशील, वाकडी चाललीस की गुडघा धरतो, असं एकातून एक वाढत जातं. मी बघितलंय, बुधल्यावर एक पोरगी अक्षरशः उलटी, पाठ उताराकडे करून उतरत होती, कारण सरळ उतरताना गुडघे साथ देत नव्हते, आणि सुरुवात काय तर टाचेचा फोड, कोणाला सांगायला संकोच वाटला म्हणून.

सॅक सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नकोस, त्यात तीन लिटर पाणीच तीन किलो. धारेवर डिसेंबरात पाण्याचा भरवसा धरू नको, गडांवर टाकी आहेत, राजगडावर पद्मावती माचीवर आणि तोरण्यावर मेंगाईच्या देवळाच्या आसपास, पण ते गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून प्यायचं. ओआरएसची पाकिटं ठेव आणि तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पीत राहा. खायला आपलंच, गुळाच्या पोळ्या, दशम्या, चिक्की, खजूर. हेडलॅम्प प्रत्येकाचा स्वतःचा. थंडी वाजते रात्री, टोपी आणि एक जाड जॅकेट. डिओ-परफ्यूम अजिबात नको, डोंगरात आग्या माश्यांची पोळी असतात. गडावर मुक्काम करायचे नियम बदलत असतात, गुंजवण्यातल्या घरगुती खानावळवाल्यांना आधी फोन करून विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं आणि जेवणही तिथेच छान मिळतं. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांची हेल्पलाइन शोधून सगळ्यांनी फोनमध्ये सेव्ह करा.

पाळीचं बोलू, कारण ग्रुपमध्ये बहुतेक पुरुष असतील आणि तू कोणाला विचारणार नाहीस. तारीख त्याच आठवड्यात येत असली तर गोळ्या घेऊन पुढे ढकलायचं मनाने करू नकोस, डॉक्टरांकडे रक्त दाखवायला जाशील तेव्हाच विचार. पॅड गडावर टाकायचे नाहीत, झिप लागणाऱ्या दोन पिशव्या एकात एक घालून परत आणायचे. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी प्यायचं हे तर अजिबात करू नकोस, आपण बायका हे हमखास करतो आणि दुपारपर्यंत डोकं धरून बसतो. थांबायचंय म्हणून सांगायचं, पुढे व्हा म्हणायचं, एका मैत्रिणीला बरोबर ठेवायचं, झालं.

आणि तुझा शेवटचा प्रश्न, माझ्यामुळे बाकीच्यांचा ट्रेक बिघडला तर. हा प्रश्न तुला पडतोय याचं मला फार बरं वाटलं. ट्रेक बिघडतो तो हळू चालणाऱ्यामुळे नाही, न सांगणाऱ्यामुळे. हळू चालणारा माहीत असला की त्या हिशोबाने लवकर निघता येतं, मागे एकजण राहतो. भट्टीच्या वाटेवर तिसऱ्या प्रहरी कळलं की हिला पुढे जाता येत नाही, तर मग सहाही जणांना कुठेतरी उघड्यावर थांबावं लागतं. म्हणून आजच ग्रुपवर मेसेज टाक. सरळ लिही, मी राजगड आणि तोरणा करतेय, तोरण्यावरून वेल्ह्याला उतरणार, पुढे येणार नाही, हे माझं ठरलंय. वेल्ह्यापर्यंत तुझ्याबरोबर कोणीतरी उतरलं पाहिजे, एकटीने बिनी दरवाज्याने उतरायचं नाही, ते कोण हेही आत्ताच ठरवा. बहुतेक आणखी एखादा मनातून हेच म्हणत असेल आणि तुझा मेसेज बघून हात वर करेल. तोरण्यावर पोचल्यावर खूप छान वाटेल, सगळे म्हणतील चल गं एवढं केलंस, आता काय, पाय तर बरे दिसतायत. नाही म्हणायचं. पाय बरे दिसले तरी दुखण्याचा भर अजून यायचा असतो, वर सांगितलं ना.

जो मनावर असतं म्हणतोय त्यालाही जरा विचार, त्याने नाळ कधी उतरलीये का आणि कधी. सहा जणांत एकानेही हा रूट केलेला नसेल तर मोहरीपासून पुढे गावातला वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्या, पैसे द्या त्याला, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. ढोरवाटा इतक्या फुटतात की नकाशा असूनही माणूस भलत्या घळीत उतरतो.

तुला रायगड चुकल्याची हुरहूर लागणार हे मला माहीत आहे. तर त्याचं असं कर. वेल्ह्याहून घरी ये, रात्री झोप काढ, आणि शेवटच्या दिवशी नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन गाडीने ताम्हिणीमार्गे माणगाव आणि तिथून रायगडाच्या पायथ्याचं पाचाड. जिजाऊंची समाधी बघा, पाय म्हणत असतील तर तू पायऱ्यांनी जा, सासूबाईंना रोपवेने ने. सकाळी लवकर निघालात तर ग्रुप चढून येईपर्यंत तुम्ही वर असाल. येताना सगळ्यांसाठी कोरडे कपडे, चपला आणि भरपूर जेवण गाडीत टाक, तीन दिवस त्याच बुटांत राहिलेल्या माणसाला चपला बघून काय वाटतं ते तुला त्यांच्या तोंडावर दिसेल.